क्षेत्र घालवा, मग मोजा?

पूर्वपक्ष असा आहे. अणूंवर चालणारा मॅग्नेटोमीटर फार नाजूक असतो. त्याला बाहेरचे चुंबकीय क्षेत्र सोसत नाही. क्षेत्र शून्याच्या जितके जवळ न्यावे तितके यंत्र तीक्ष्ण, आणि जितके वाढू द्यावे तितके बोथट. १९ एप्रिल २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केले. त्याच्या उद्दिष्टांत अणुप्रणालीवर आधारलेले अतिसंवेदी मॅग्नेटोमीटर आले, संवेदन आणि मापनाचे केंद्र पवईच्या आयआयटीकडे आले. तेव्हापासून मराठीत या विषयावर जे थोडेफार लिहिले-बोलले जाते, त्यात हे मत गृहीतच धरलेले असते. त्याला जोडून एक उपसिद्धान्तही येतो: ही यंत्रे चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या मु-मेटल या मिश्रधातूच्या कवचात ठेवण्याची, मालवणच्या समुद्रात पृथ्वीचे सुमारे ४२ हजार नॅनोटेस्लांचे क्षेत्र उघडे पडलेले, तिथे त्यांचे काय काम?

हे मत मला मान्य नाही. पण ते हवेतून आलेले नाही, म्हणून त्याची बाजू आधी नीट मांडली पाहिजे. १९७३ मध्ये विल्यम हॅपर आणि तांग यांनी दाखवले, की अल्कली धातूची वाफ दाट असेल आणि चुंबकीय क्षेत्र अगदी क्षीण असेल, तर अणूंच्या आपसांतल्या टकरांनी त्यांच्या स्पिनची (म्हणजे अणूंच्या अंगभूत, भोवऱ्यासारख्या फिरण्याची) होणारी झीज जवळजवळ थांबते. प्रिन्स्टनमध्ये मायकेल रोमालिस यांच्या गटाने २००२-०३ मध्ये याच तत्त्वावर यंत्र बांधले. पोटॅशियमची वाफ तापवून दाट केली, भोवती चुंबकीय कवचे चढवली आणि आतले क्षेत्र शून्याजवळ आणले. मोजमापाची तीक्ष्णता एका फेम्टोटेस्लाच्या खाली गेली. पृथ्वीच्या क्षेत्राचा तो साधारण चाळीस अब्जावा भाग. असे आकडे ज्यांनी प्रथम ऐकले, त्यांनी त्यातून ‘क्षेत्र हाच शत्रू’ एवढाच बोध घेतला तर नवल नाही.

दुसरा आधार आपल्या किनाऱ्यावरचा. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून भूचुंबकीय नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार हे दिसू लागले, तेव्हा संचालक नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस यांच्या देखरेखीखाली १९०४ मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. दोन्ही ठिकाणच्या नोंदी १९०६ पर्यंत समांतर घेतल्या गेल्या, म्हणजे जुन्या मालिकेला नवी जोडता आली. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली तेव्हा मापन समुद्रापलीकडे गेलेले होते. हा दाखला पूर्वपक्षाचे लोक आवडीने देतात: बघा, मूससाहेबसुद्धा क्षेत्रापासून पळाले.

पळाले खरे, पण कशापासून? अलिबागला पृथ्वीचे क्षेत्र जवळजवळ कुलाब्याइतकेच आहे. मूस यांना क्षेत्राची भीती नव्हती. रुळांतून आणि जमिनीतून परतणाऱ्या ट्रामच्या प्रवाहांचे जे क्षेत्र मिनिटामिनिटाला बदलले असते, त्याची होती. मोठे पण स्थिर क्षेत्र चालेल, लहान पण चंचल क्षेत्र चालणार नाही, असा तो निर्णय होता. म्हणजे हा दाखला पूर्वपक्षाकडून काढून आमच्या बाजूला ठेवायला हवा. त्याही मागे गेलो तर १८३२-३३ मध्ये गाउसने पृथ्वीच्या क्षेत्राचे निरपेक्ष मान काढले, तेही दुसऱ्या एका चुंबकाचे क्षेत्र मुद्दाम सुईवर लावून आणि सुई किती वळते ते पाहून. बाहेरून लावलेले क्षेत्र हे मापनाचे साधन आहे, ही गोष्ट भूचुंबकशास्त्राच्या जन्मापासूनची.

आता अणूंकडे वळू. काचेच्या कुपीत सीझियम या अल्कली धातूची थोडी वाफ असते. ठरावीक रंगाच्या ध्रुवित प्रकाशाने सगळ्या अणूंचे स्पिन एका बाजूला वळवायचे. भोवती क्षेत्र असेल तर ते स्पिन कललेल्या भोवऱ्यासारखे त्या क्षेत्राभोवती घिरट्या घेऊ लागतात. सीझियमच्या घिरट्यांची गती दर नॅनोटेस्लाला सेकंदाला साडेतीन फेऱ्या. म्हणजे मालवणात सुमारे १ लाख ४७ हजार. ही गती मोजली की क्षेत्र मोजले. वारंवारता मोजण्यात माणसाचा हात जितका बसलेला आहे तितका दुसऱ्या कशात नाही, आणि क्षेत्राचे मोजमाप वारंवारतेत उतरते हेच या यंत्राचे बळ. ज्या क्षेत्राला पूर्वपक्ष शत्रू म्हणतो, त्याच्याशिवाय घिरट्याच नाहीत.

या जातीच्या यंत्राची मूलभूत मर्यादा ज्या सूत्राने सांगतात त्यात चार गोष्टी येतात: अणूची घिरट्यांची जातिगत गती, अणूंची संख्या, त्यांचे स्पिन किती वेळ एकदिलाने फिरतात तो काळ, आणि आपण किती वेळ मोजतो तो काळ. या सूत्रात क्षेत्राचे मान कुठेच नाही. ते आडमार्गाने येते, एकदिलाने फिरण्याचा काळ कमी करून. आणि हॅपर यांनी दाखवलेली टकरांची झीज क्षेत्राबरोबर वाढत जाते, पण एका पातळीला पोहोचली की तिथेच थांबते. क्षेत्र आणखी दुप्पट केले म्हणून ती दुप्पट होत नाही. ‘क्षेत्र वाढेल तितके यंत्र बोथट’ या वाक्यातले ‘तितके’ इथेच गळून पडते.

प्रत्यक्षातही हेच घडले आहे. २००६ मध्ये त्याच प्रिन्स्टनच्या गटाने अमोनियम नायट्रेट या स्फोटक द्रव्याचा ४२३ किलोहर्ट्झचा रेडिओ-संकेत पकडण्यासाठी पोटॅशियमचे यंत्र बांधले. पोटॅशियम दर नॅनोटेस्लाला सुमारे सात फेऱ्या घेतो. त्याला ४२३ किलोहर्ट्झवर लावायचे तर कॉइलमधून साठ हजार नॅनोटेस्लांचे क्षेत्र द्यावे लागते. मालवणात निसर्गतः आहे त्याच्या जवळजवळ दीडपट. त्या क्षेत्रात ते यंत्र एका फेम्टोटेस्लाच्या पाव हिश्श्याइतक्या तीक्ष्णतेने चालले. ते स्थिर क्षेत्र मोजत नव्हते, एका ठरावीक वारंवारतेने आंदोलणारे क्षेत्र मोजत होते, हा फरक मान्य. प्रकाशाने अणूंना जवळजवळ पूर्णपणे एकाच अवस्थेत दाबून बसवले की टकरांची झीज मोठ्या क्षेत्रातही दबते, या युक्तीवर ते उभे होते. पण बाहेरून लावलेल्या क्षेत्राने इथे यंत्र बिघडवले नाही, रेडिओचे बटण फिरवावे तसे त्याला हव्या त्या वारंवारतेवर आणून बसवले. २०१३ मध्ये त्याच गटाने काही हजार नॅनोटेस्लांच्या स्थिर क्षेत्रात घिरट्या मोजणारे यंत्रही एका फेम्टोटेस्लाच्या आत नेले.

शून्य-क्षेत्री यंत्राचे काय, असा प्रश्न येईल. तर तेही लावलेल्या क्षेत्रावरच जगते. क्षेत्र अगदी शून्य असताना प्रकाशाचे शोषण दोन्ही बाजूंना सारखेच बदलते. क्षेत्र उत्तरेला वाढले की दक्षिणेला, हे त्यातून कळत नाही. म्हणून कुपीवर एक छोटे आंदोलणारे क्षेत्र मुद्दाम लावतात, आणि त्याच्या तालावर येणाऱ्या संकेतातून दिशा वाचतात. २०१८ मध्ये नॉटिंगहॅमच्या गटाने डोके हलवणाऱ्या माणसाच्या मेंदूचे चुंबकीय संकेत टिपले, तेव्हा कवच असलेल्या खोलीतसुद्धा उरलेले क्षेत्र मारण्यासाठी दोन्ही बाजूंना कॉइलचे मोठे पडदे उभे करावे लागले. क्षेत्र काढायला क्षेत्रच लावले. शून्य ही तिथे निसर्गाची देणगी नव्हती.

आता मालवणला येऊ. पूर्वपक्षाचा फोलपणा इथे साध्या भूमितीने दिसतो.

एका प्रकाशझोतावर चालणाऱ्या नेहमीच्या सीझियम यंत्राचा संकेत प्रकाशाचा अक्ष आणि क्षेत्र यांच्यातल्या कोनावर अवलंबून असतो. त्या कोनाच्या दुपटीची जी साइन, तिच्या प्रमाणात. ४५ अंशांवर तो सर्वांत मोठा. शून्य आणि ९० अंशांवर नाहीसा. ज्या कोनांत यंत्र मुके होते त्यांना मृत पट्टे म्हणतात. आता क्षेत्राची नती, म्हणजे क्षितिजापासून ते किती अंश खाली झुकते, ती पाहा. दक्षिण इंग्लंडमध्ये ती सुमारे ६६ अंश, मालवणात सुमारे २०. इंग्लंडमध्ये सेन्सर ४५ अंशांवर बसवायचा तर उत्तर-दक्षिण उभ्या पातळीत दोनच जागा: अक्ष क्षितिजाखाली २१ अंश उत्तरेकडे झुकलेला, किंवा उभ्या रेषेपासून २१ अंश सरकवून खालचे टोक दक्षिणेकडे केलेला. तीच मांडणी उचलून मालवणला आणली तर पहिल्या जागी कोन एका अंशाचा होतो आणि दुसऱ्या जागी ९१ अंशांचा. दोन्ही मृत पट्ट्यात. तिकडच्या दोन्ही उत्तम जागा इकडे यंत्राला मुके करतात, कारण दोन ठिकाणच्या नतीतला फरकच नेमका ४५ अंशांच्या आसपास आहे.

गंमत म्हणजे इंग्लंडमधले क्षेत्र सुमारे ४९ हजार नॅनोटेस्लांचे आहे, मालवणचे सात हजारांनी कमी. पूर्वपक्ष खरा असता तर यंत्राने मालवणात जरा बरे चालायला हवे होते. ते चालतच नाही. मालवणात खालचे टोक उत्तरेकडे घेऊन सेन्सर उभ्या रेषेपासून २५ अंश कलता ठेवला की ते पुन्हा बोलू लागते. उत्पादक आपल्या पुस्तिकांत अक्षांशानुसार अशा सूचना देतात, सर्वेक्षण करणारे त्या पाळतात. तेव्हा हे काही गुपित नाही. फक्त वृत्तपत्री चर्चेत ते कधी येत नाही, कारण ‘किती फेम्टोटेस्ला’ या प्रश्नात कोनाला जागाच नाही.

दुसरी गोष्ट उताराची. क्षेत्र मोठे आहे की लहान, याची कुपीतल्या अणूंना फारशी फिकीर नसते. कुपीच्या एका कडेला एक आणि दुसऱ्या कडेला दुसरे असले की मात्र त्यांची फाटाफूट होते. समजा, मीटरला हजार नॅनोटेस्लांचा उतार आहे आणि कुपी अडीच सेंटिमीटरची. म्हणजे दोन कडांत २५ नॅनोटेस्लांचा फरक, म्हणजेच घिरट्यांत सेकंदाला जवळजवळ नव्वद फेऱ्यांचा फरक. एकदिलाने फिरण्याचा काळ तिथेच आखडतो. आणि उतार मालवणला भरपूर. किनाऱ्यावरचा सडा जांभ्याचा, जांभ्यात लोहाची ऑक्साइडे, त्यांतली काही चांगलीच चुंबकीय. खाली वेंगुर्ले तालुक्यात रेडीला तर लोहखनिजाच्या खाणीच. जांभ्याच्या कातळावर सेन्सर वीतभर उंचीवर धरला तर कातळाची प्रत्येक उंचसखल जागा त्याला दिसते. तोच कमरेच्या वर धरला, किंवा होडीमागे लांब दोरीवर ओढला, की उतार झपाट्याने मावळतो. पृथ्वीचे ४२ हजार मात्र दोन्ही ठिकाणी तेवढेच राहिले.

इथे थोडे विषयांतर, कारण मालवणात एक प्रश्न हटकून येतो. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये इथल्या सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी केली, आणि पायात शिसे ओतल्याची हकीकत परंपरेने चालत आली आहे. असले अतिसंवेदी यंत्र नेऊन ते शिसे शोधता येणार नाही का? नाही येणार. शिशाचा चुंबकीय प्रतिसाद इतका नगण्य असतो, की भोवतालचा दगडच त्याला झाकून टाकील. तोफ, नांगर किंवा जहाजाचा सांगाडा मात्र दिसेल.

तिसरी गोष्ट होडीची. कॉइल लावून पृथ्वीचे क्षेत्र मारून टाकू आणि शून्य-क्षेत्री यंत्र समुद्रात नेऊ, असे कोणी म्हणेल. पूर्वपक्षाला सुचणारा पुढचा मार्ग तोच आहे. त्याचा हिशेब करून पाहा. ४२ हजार नॅनोटेस्ला मारून मागे एका फेम्टोटेस्लाची निश्चिती ठेवायची तर कॉइलमधला विद्युतप्रवाह चार हजार कोटींत एका भागाइतका स्थिर हवा. तो मिळाला असे धरले, तरी लाटेवर होडी एका अंशाने कलली की कॉइल कलते, पृथ्वीचे क्षेत्र जागचे हलत नाही, आणि सेन्सरला सातशेहून अधिक नॅनोटेस्लांचे खोटे क्षेत्र दिसते. घिरट्या मोजणाऱ्या यंत्राला हे दुखणे नाही. ते क्षेत्राचे एकूण मान मोजते, आणि ते कलण्याने बदलत नाही. शिवाय मोठे क्षेत्र आडव्या गडबडीला गिळते: ४२ हजारांच्या काटकोनात दहा नॅनोटेस्लांची भर पडली तर एकूण मानात फरक पडतो तो एका नॅनोटेस्लाच्या हजाराव्या भागाएवढा. पृथ्वीचे क्षेत्र इथे होडीवरच्या यंत्राला फुकट मिळालेला आधार आहे. २०२० मध्ये लाइम्स, रोमालिस आणि सहकाऱ्यांनी मेंदूचे संकेतसुद्धा कवचाशिवाय, पृथ्वीच्या क्षेत्रातच टिपून दाखवले. दोन कुप्यांतला फरक घेऊन, म्हणजे दोघींना सारखाच दिसणारा गोंगाट वजा करून.

मोठ्या क्षेत्राचा खराखुरा तोटा कुठला असेल, तर तो होडी वळते तेव्हा दिसतो, आणि पूर्वपक्षाने खरे म्हणजे इथे बोट ठेवायला हवे होते. अल्कली अणूच्या केंद्रकालाही स्पिन असतो. त्यामुळे क्षेत्र वाढले की घिरट्यांची एकच वारंवारता राहत नाही. तिच्या शेजारी शेजारी अनेक रेषा फुटतात. रुबिडियम-८७ मध्ये मालवणच्या क्षेत्रात लगतच्या दोन रेषांत सुमारे २५ हर्ट्झचे, म्हणजे साडेतीन नॅनोटेस्लांइतके अंतर पडते. सीझियममध्ये पाच हर्ट्झांहून थोडे कमी. प्रकाशाच्या दिशेप्रमाणे यांतली कधी ही रेषा जोर धरते, कधी ती. होडी पूर्वेकडून पश्चिमेला वळली की क्षेत्र तेच, पण वाचन नॅनोटेस्लाभर सरकते. हा फाटा क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून इथे लहान क्षेत्र खरोखर बरे. तरीही उपाय क्षेत्र घालवण्याचा नाही, अणू निवडण्याचा आहे. पोटॅशियममध्ये या रेषा पावणेचारशे हर्ट्झ दूर जातात. इतक्या दूर, की एक रेषा निवडून तिच्यावरच ठाम राहता येते. म्हणजे मोठे क्षेत्र तिथे उलट मदतच करते. आणि हेलियम-४ च्या केंद्रकाला स्पिनच नाही. दर नॅनोटेस्लाला २८ फेऱ्या, मालवणात सेकंदाला सुमारे पावणेबारा लाख, आणि फाटे फुटण्याचा प्रश्नच नाही.

हेलियमचे नाव सिंधुदुर्ग जिल्ह्यात निघाले की विजयदुर्ग आलाच. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्गावरून हेलियम शोधला, असे देवगड तालुक्यात लहानपणापासून ऐकवले जाते. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ त्याची साक्ष म्हणून दाखवतात. पण त्या दिवशी लॉकियर इंग्लंडमध्ये होते. भारतात त्या ग्रहणाचा वेध पिएर जान्सेन यांनी गुंटूरहून घेतला. लॉकियर यांनी ग्रहणाशिवायच २० ऑक्टोबर १८६८ रोजी सौरज्वालांचा वर्णपट पाहिला, आणि त्यातली पिवळी रेषा सोडियमची नव्हे हे पुढे त्यांनीच ठरवले. ते विजयदुर्गाला आले ते तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, ‘मेलपोमेनी’ या युद्धनौकेचे खलाशी मदतीला घेऊन. दोन ग्रहणे लोकस्मृतीत एक झाली. किल्ल्याचा मान याने कमी होत नाही, तारीख तेवढी दुरुस्त होते. मला यातले जास्त मोलाचे वाटते ते वेगळेच: ती पिवळी रेषा, ५८७.६ नॅनोमीटरची, हेलियमच्या ज्या अवस्थेवर येऊन संपते, त्याच अवस्थेत मॅग्नेटोमीटरमधला १०८३ नॅनोमीटरचा लेझर हेलियमच्या अणूला चढवतो. जिन्याची एक पायरी सूर्यात दिसली, तिच्या खालची यंत्रात वापरतात.

हेलियम-४ चे असे यंत्र आज अवकाशात आहे. २२ नोव्हेंबर २०१३ रोजी सुटलेल्या युरोपीय ‘स्वार्म’ उपग्रहांवर फ्रान्समध्ये बनलेला हेलियम मॅग्नेटोमीटर बसवला आहे. मृत पट्टे टाळण्यासाठी त्यातल्या प्रकाशाच्या ध्रुवणाची दिशा क्षेत्राप्रमाणे फिरवत ठेवतात. आणि पूर्वपक्षाने सर्वांत जास्त लक्ष द्यावे अशी गोष्ट ही: त्याच्याभोवती तीन परस्परलंब कॉइल आहेत, आणि त्यांतून सुमारे ८, ११ आणि १३ हर्ट्झची, सुमारे पन्नास नॅनोटेस्लांची आंदोलणारी क्षेत्रे यंत्रावर मुद्दाम लावली जातात. कुठल्या कॉइलच्या तालावर वाचन किती डोलते यावरून पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा निघते, आणि एकूण मानाचे मोजमाप त्याच वेळी चालू राहते. जे यंत्र एरवी फक्त मान सांगते, ते लावलेल्या क्षेत्रामुळे दिशाही सांगू लागते.

तेव्हा पवईच्या केंद्रातून उद्या मालवणच्या समुद्रासाठी यंत्र यायचे असेल, तर त्याची परीक्षा कवचातल्या शून्याजवळ घेऊन भागणार नाही. एक टन लोखंड दहा मीटरवर असेल तर ढोबळ हिशेबाने दहाएक नॅनोटेस्लांची खूण सोडते. तळाशी पडलेला नांगर किंवा तोफ शोधायला नॅनोटेस्लाचा शंभरावा भाग दिसला तरी पुष्कळ झाले, आणि एवढे तर सीझियमची बाजारात मिळणारी यंत्रे आजही दाखवतात. खरी अडचण आहे ती होडी वळताना सरकणाऱ्या नॅनोटेस्लाची, आणि दिवसभरात सूर्यामुळे पृथ्वीचेच क्षेत्र तीस-पन्नास नॅनोटेस्लांनी वरखाली होते त्याची. त्यासाठी किनाऱ्यावर, जांभ्याच्या कातळापासून दूर, दुसरे स्थिर यंत्र ठेवावे लागेल. अलिबागची नोंद इतक्या लांबून पुरी पडणार नाही. विचारायचे प्रश्न असे: ४२ हजार नॅनोटेस्ला आणि वीस अंश नतीत होडीने पूर्ण वर्तुळ घेतले तर वाचन किती सरकते? मीटरला किती उतारापर्यंत संकेत टिकतो? लाटेवर किती अंश कलेपर्यंत यंत्र मृत पट्ट्याबाहेर राहते? याची उत्तरे कोष्टकात असली, तर फेम्टोटेस्लाचा रकाना रिकामा राहिला तरी चालेल.